नमस्कारांखाली दबलेला निरोप

निरोप कसा द्यावा हे सोलो या आमच्या अदबशीर शहरातल्या माणसाला कुणी शिकवू नये, असं आमचे साहेब पाक सुदर्माजी ('पाक' म्हणजे आमच्याकडचं 'राव') नेहमी म्हणतात. मी त्याच सोलोत जन्मले, वाढले, आणि मला या गोड बोलण्याचा आता मनापासून वीट आलाय.

आमच्या कंपनीचं काम सांगायला सोपं आहे. प्रयोगशाळेच्या यंत्रातून रक्ताचे रिपोर्ट उचलायचे आणि डायलिसिस केंद्रातल्या डॉक्टरांच्या पडद्यावर नेऊन पोचवायचे. पूर्वी हे काम प्रयोगशाळेतली तितिस नावाची पोरगी फोनवर करायची. रिपोर्ट वाईट दिसला की ओरडायची, "डॉक्टर, या बाईला आत्ताच्या आत्ता बोलवा!" मग आमचं सॉफ्टवेअर आलं, उद्घाटनाला रिवाजाप्रमाणे पिवळ्या भाताचा डोंगर कापला गेला, फोटो निघाले, आणि तितिसचा फोन बंद झाला. आता सगळं आपोआप होतं म्हटल्यावर फोन कशाला? पण आपोआप चालणारी गोष्ट आपोआप अडतेही. आणि ती अडली की डॉक्टरांना पडद्यावर जुनाच रिपोर्ट दिसत राहतो, नीटनेटका, काळजी करण्यासारखं काही नसलेला. म्हणून काम अडलं की बोंब मारणारी सोय हवी होती, आणि ती मी बसवली.

माझा अलर्ट दोन ओळींचा होता. "रिपोर्ट अडले आहेत. डायलिसिस केंद्राला फोन करा." हा ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायचा. थोड्या वेळात कुणी उत्तर दिलं नाही तर सॉफ्टवेअर थेट साहेबांचा फोन वाजवायचं आणि ते उचलेपर्यंत वाजवत राहायचं. चाचणीच्या दिवशी साहेब आरोग्य खात्यातल्या बड्या लोकांबरोबर जेवायला बसले होते. फोन वाजला, वाजला आणि वाजतच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते आवाज कधी चढवत नाहीत, तेवढं मात्र खरं.

"म्बाक किनान," ते मला अदबीने ताई लावून म्हणाले, "काम फार सुंदर झालंय हं. फक्त जरा… उद्धट वाटतं."

"यंत्र आहे ते, पाक. त्याला कुठून येणार रीतभात?"

"यंत्र आपलंच ना? 'फोन करा' म्हणे. कुणाला म्हणतंय ते? मला? आधी नमस्कार नाही, चमत्कार नाही."

"माणूस बुडत असेल तर आधी नमस्कार करायचा का?"

"तू फार तापट आहेस बाई," ते हसून म्हणाले. "तेगारला सांगतो. तो लिहील व्यवस्थित."

मास तेगार, म्हणजे आमचा तेगारदादा, माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. गुणी पोरगा, पण साहेबांनी दिवसाला रात्र म्हटलं तर हा दिवा लावायला उठेल. त्याने निरोप पुन्हा लिहिला. "अस्सलामु अलैकुम, तसेच सर्वधर्मीय बंधुभगिनींना मनःपूर्वक नमस्कार. आदरणीय वडीलधारी मंडळी आणि भगिनी, आपण सर्व निरोगी आणि आनंदी असाल अशी प्रार्थना. आपल्या कामात व्यत्यय आणल्याबद्दल क्षमा असावी. परवानगी असल्यास नम्रपणे कळवू इच्छितो की…" आणि हे सगळं ओलांडून खाली गेलं की "काही रिपोर्ट पोचण्यास किंचित विलंब होत असल्याचे दिसते." किंचित! फोन न उघडता वर जी ओळ दिसते, तीत फक्त नमस्कार दिसायचा. आमच्या ग्रुपवर रोज सकाळी असे डझनभर नमस्कार येऊन पडतात.

साहेबांचा फोन वाजवणंही बंद झालं. त्याऐवजी ग्रुपवर कुणीही काहीही उत्तर दिलं की सॉफ्टवेअरने समजायचं, निरोप पोचला, आता गप्प बसायचं. मी बैठकीत, पाहुण्यांसमोर म्हटलं, "अहो, आपल्याकडे कुणाच्या वाढदिवसाच्या केकलासुद्धा सगळे 'सियाप' लिहितात!" सियाप म्हणजे हुकूम शिरसावंद्य. साहेब म्हणाले, "यालाच शिस्त म्हणतात, म्बाक." दुसऱ्या दिवशी माझ्या सेवेबद्दल लांबलचक आभार मानून मला त्या ग्रुपमधून काढलं आणि महिन्याचे तक्ते बनवायला बसवलं.

आता बू वागियेमबद्दल, म्हणजे वागियेम मावशीबद्दल सांगते. आमच्या ऑफिसच्या फाटकाशी तिची पेचेलची गाडी असते. उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी ओतून देते, आणि चटणीपेक्षा तिची जीभ तिखट. आठवड्यातून दोनदा तिचं डायलिसिस असतं, पण गाडी चुकत नाही. "किडनी गेली म्हणून काय पोटही गेलं का?" असं गिऱ्हाइकांनाच विचारते.

त्या मंगळवारी सकाळी मी गेले तर ती स्टुलावर बसून होती.

"बू, आज बसून? तब्येत बरी आहे ना?"

"पायात शिसं भरल्यासारखं झालंय गं. पहाटे रक्त देऊन आले. डॉक्टर म्हणाले, दुपारच्या आत रिपोर्ट येईल, काही वाईट निघालं तर लगेच फोन करू." तिने चटणीच्या भांड्याजवळ ठेवलेला फोन दाखवला. "नाही आला तर मी ठणठणीत. तू तुझं बघ. चटणी वाढू का आणखी? अशी वाळकी राहिलीस तर कोण करणार तुझ्याशी लग्न?"

फोन आला नाही. जेवणाची गर्दी ओसरली आणि बू वागियेम गाडीवर आडवी पडली. भांडी रस्त्यावर घरंगळली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं आणि धावत सुटले. एका टेम्पोवाल्याने आम्हा दोघींना हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पोटॅशियम इतकं चढलं होतं की हृदय कुठल्याही क्षणी थांबलं असतं.

"सकाळचा रिपोर्ट कुठाय?" त्या माझ्यावरच ओरडल्या. "केंद्राच्या पडद्यावर गेल्या आठवड्याचाच दिसतोय!"

मी तिथूनच तेगारला फोन लावला. "बघ. आत्ता बघ."

थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज आला. "अडलंय, म्बाक. सकाळपासून."

"अलर्ट आला नाही?"

"आला ना."

"मग?"

तिकडे पुन्हा कीबोर्ड वाजायला लागला.

"तेगार, मग तू काय केलंस?"

"सियाप लिहिलं," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला. "सगळ्यांनीच लिहिलं. साहेबांनी हात जोडलेले पाठवले."

कपाळ बडवून घ्यावं असं वाटलं मला. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. एका बाईचा जीव जातोय हे त्याने अख्ख्या ऑफिसला सांगितलं, आणि अख्ख्या ऑफिसने त्याला नमस्कार केला!

बू वागियेम वाचली. शुद्धीवर येऊन, दोन डायलिसिस होऊन ती वॉर्डात आली, तेव्हा मी तिथे असतानाच पाक सुदर्माजी भेटायला आले. बरोबर तेगार, एक फोटोवाला, आणि फळांची भली मोठी टोपली, वर केळ्यांचा घड. नर्सने टोपली बघितली आणि हिसकावूनच घेतली. "किडनीच्या पेशंटला केळी? पोटॅशियम वाढवून मारायचंय का पुन्हा?"

साहेबांचं हसू ढळलं नाही. ते पलंगाशी उभे राहिले आणि सुरू झाले. आधी परमेश्वराचे आभार, त्याच्या कृपेने आज आपण इथे जमलो. मग डॉक्टरांचे आभार. मग बू वागियेमच्या कुटुंबाला शुभेच्छा, तिच्या पेचेलचं कौतुक, तिच्या धीराचं कौतुक. बू त्यांच्याकडे एकटक बघत होती, काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून. पण अंगात त्राण नव्हतं. साहेब "काही तांत्रिक बाबींमुळे" इथवर पोचले तोवर तिचे डोळे मिटले होते.

साहेब थांबले. हळूच तेगारला म्हणाले, "कळवलं ना आपण हिला?"

"सियाप, पाक," तेगार म्हणाला.

फोटोवाल्याने कॅमेरा वर केला. माझं डोकं असं फिरलं की नोकरीबिकरीचा विचारच उरला नाही. मी पुढे झाले, बू वागियेमचा खांदा धरला आणि तिला हलवून जागं केलं.

"म्बाक, काय करतेस!" साहेबांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला.

"बू, ऐका. तुमचा रिपोर्ट आमच्याकडे अडकला होता. वाईट होता तो. अडकलाय हे यांना सगळ्यांना कळवलं होतं. कुणी वाचलं नाही."

तिने डोळे पूर्ण उघडले. "कधी कळवलं होतं?"

"सकाळीच. तुम्ही फोनची वाट बघत होतात तेव्हा."

मग तिने मान वळवून साहेबांकडे बोट केलं.

"मग हे मघापासून काय सांगत होते?"