बाबांचा अंगठा

आमच्या कारखान्यात एक नियम होता. बाबा पातं तपासत असताना कुणी बोलायचं नाही. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, पट्ट्यासारख्या पात्याने लाकूड कापणारा एक जुना बँडसॉ आणि आम्ही दोघं. म्हणजे नियम माझ्या एकट्यासाठीच होता, आणि तीस वर्षं मी तो इमानाने पाळला.

कठीण लाकडाला कुठलं पातं लावायचं हे कुणीही सांगेल. ओंडका जाड असेल तर दात मोठे आणि विरळ हवेत, म्हणजे भुसा अडकत नाही आणि लाकूड जळत नाही. इतकं मलाही कळतं. पण भिंतीवर खिळ्यांना टांगलेली आमची सातही पाती तशीच होती, सगळी बाबांनी घरीच घासून धार लावलेली. फरक होता तो दातांच्या झुकावात. एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे. दोन्हीकडचा झुकाव सारखा नसेल तर पातं कापता कापता वाट सोडतं. मऊ लाकडात सावरून घेता येतं, कठीण लाकडात नाही. तो केसाएवढा फरक बाबांच्या उजव्या अंगठ्याला कळायचा. नवं पातं आणावं तर मशीन इतकं जुनं, की त्या मापाचा पट्टा आता कुणी करत नाही.

मी शिकवा म्हणालो होतो. विशीत एकदा, तिशीत एकदा, चाळिशीत एकदा. घाई काय आहे, मी काय मरतोय का, हे उत्तर तिन्ही वेळा मिळालं. डोक्यावर टक्कल पडलं तरी कारखान्यात मी ‘धर’ आणि ‘ढकल’ एवढ्या दोन शब्दांचाच धनी राहिलो.

कोपऱ्यात शिसवाचा एक बुंधा होता. आईने अंगणात लावलेलं झाड वादळात पडलं आणि त्याच वर्षी आई गेली. बाबांनी तो बुंधा अकरा वर्षं सावलीत वाळवला. त्याचं टेबल करायचं, आणि त्यांनी, मी आणि ताईने पुन्हा एकत्र जेवायला बसायचं, असं त्यांनी ताईला एकदा सांगितलं होतं. आई गेल्यापासून आम्ही तिघं तीन वेळांना, तीन ठिकाणी जेवतो. मला त्या टेबलाची आस लागली होती, हे कबूल करायला आता हरकत नाही.

ताई नर्स आहे. मागच्या आठवड्यात तिने मला बाजूला घेतलं. साखरेच्या आजाराने बाबांच्या बोटांतली जाण गेली होती, तापलेला तवा धरला तरी त्यांना कळलं नसतं. त्यांना अजून उमगलेलं नाही, तू बोल त्यांच्याशी, म्हणाली. मी म्हटलं, माझं घरातलं मांजरही ऐकत नाही. ती हसली नाही. मग आज बोलू, उद्या बोलू करत मी आठवडा काढला. मला शब्द सापडत नव्हते असं मी ताईला सांगितलं. खरं म्हणजे मी बाबांना घाबरतो, या वयातही.

सोमवारी सकाळी बाबा म्हणाले, बुंधा घे. आणि भिंतीपाशी गेले. डोळे मिटून पहिल्या पात्यावर अंगठा फिरवला. नाही. दुसरं, तिसरं, नाही. चौथ्यापाशी थांबले, पुन्हा फिरवला, जरा दाबून. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला. बाबांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. शब्द माझ्या जिभेवर आले होते, पण पातं त्यांच्या हातात होतं.

“हे,” ते म्हणाले.

आधी बुंध्याचे मधोमध दोन भाग करायचे होते. वीतभर सरळ गेलं. मग जळका वास आला आणि पातं खडूची रेघ सोडून उजवीकडे सरकू लागलं. बाबा पलीकडून लाकडावर हात ठेवून उभे होते. पूर्वी मशीनची थरथर त्यांना हातानेच कळायची. ते म्हणाले, ढकल. मी ढकललं. थांबवायचं होतंस की, असं कुणीही म्हणेल, आणि ते बरोबरच आहे.

मधोमध शिरलेलं पातं काठापासून चार बोटांवर बाहेर पडलं. दोन्ही भाग उघडले तर आतला काप पोट सुटल्यासारखा फुगलेला. टेबलाच्या लांबीची एकही फळी त्यातून निघणार नव्हती. रंग मात्र फार सुंदर निघाला, आणि मला त्याचाच राग आला.

कडेच्या पांढुरक्या लाकडावर रक्ताचे ठिपके होते. बाबांनी ते पाहिले आणि सगळं टाकून माझे हात पकडले.

“कुठं लागलं? दाखव.”

त्यांनी माझे तळवे उलटेसुलटे केले, एकेक बोट मोजलं, मी चार वर्षांचा असल्यासारखं.

“बाबा, तुमचं आहे ते.”

त्यांनी अंगठा पाहिला. दुसऱ्या हाताच्या नखाने दाबला, मग आणखी जोरात. मला कधीपासून माहीत होतं, त्यांनी विचारलं. आठवडा, मी म्हणालो. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

“मोठ्या भागातून एखादं स्टूल तरी निघेल,” ते म्हणाले. “तू निवड पातं.”

मी पहिल्या पात्यावर अंगठा ठेवला. डावीकडे जास्त लागतंय की उजवीकडे, त्यांनी विचारलं. मला नुसतं टोचत होतं. दुसरंही तसंच टोचलं. मग त्यांनी माझा अंगठा आपल्या हातात धरला आणि तिसऱ्या पात्याच्या दातांवरून सावकाश फिरवला. त्यांचा हात गरम होता.

“इथं. आता?”

“सारखंच आहे, बाबा.”

चौथं मशीनवरच होतं. आम्ही पाचव्याकडे गेलो, सहाव्याकडे, सातव्याकडे. दर वेळी ते विचारायचे आणि वाट पाहायचे. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या भिंतीपाशी मला बोलायची मुभा होती, आणि सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.