माझ्या गळ्यातली ‘खराब’ची चिठ्ठी

मी दाबमापक बोलतोय. पितळेची कड, पांढरी चकती आणि एक काळा काटा, एवढाच माझा संसार. हवा वाढली की काटा वर, घटली की खाली. मला तोंडदेखलं बोलता येत नाही. त्यापायीच माझ्या गळ्यात ‘खराब’ अशी चिठ्ठी लटकली. शी! आठवलं तरी शिसारी येते.

व्होल्गाकाठच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या बायकांनी मला सातदा तपासलं आणि आगगाडीनं कझाकस्तानच्या माळावर धाडलं. तिथून रॉकेटं उडायची. कशासाठी? आभाळाच्या ओढीनं नव्हे हो! अमेरिकनांच्या नाकावर टिच्चून, त्यांच्या आधी म्हणून. तिकडेही तेच थेर. त्यांनी माकडं कोंबली, आमच्यांनी कुत्री.

रॉकेटातल्या कुत्रीच्या कोठडीत हवा टिकते की नाही हे तपासायचं काम रिम्माचं, आणि मी तिच्या हाताखाली. कुत्री म्हणजे पुगोव्का, मॉस्कोच्या गल्लीतून उचललेली. रिम्मा स्वतःच्या डब्यातलं सॉसेज तिला भरवायची.

क्रांतीचा वर्धापनदिन चार दिवसांवर आला होता. त्याआधी रॉकेट उडालंच पाहिजे, असा वरून हुकूम होता. रिम्मानं पुगोव्काला आत बसवलं, झाकण आवळलं, हवा भरली. माझा काटा दोन रेघा खाली घसरला.

“आर्काडी लुकिच, गळती आहे,” ती साहेबांना म्हणाली. “झाकणाचं रबर थंडीनं तडकलंय. बदलायला दोन दिवस द्या.”

“दोन दिवस? अमेरिकनांचं माकड परवा उडतंय, बाई! आपण उद्या उडवणार. रेडिओची बातमी लिहून तयार आहे. ‘कुत्री सुखरूप’ असंसुद्धा लिहिलंय.”

“मग ती कुत्रीलाच वाचून दाखवा.”

“जीभ आवर! मापकच बिघडलंय. दुसरं लाव.”

दुसऱ्याचा काटा गेल्या हिवाळ्यापासून अडकलेला. सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तेच लावलं. साहेबांच्या देखत रिम्मानं चिठ्ठीवर ‘खराब’ लिहून ती माझ्या गळ्यात बांधली. अक्षरं वाकडीतिकडी आली.

दूरच्या प्रवासाआधी मिनिटभर गप्प बसायची या लोकांची रीत आहे. देव न मानणारे साहेबही ती पाळायचे. सकाळी कुत्रीला निरोप द्यायला सगळे बसले, कुणी खोक्यावर, कुणी स्टुलावर. मी टेबलावर पडून होतो. खोलीत चिडीचूप झालं.

आणि त्या शांततेत ऐकू आलं, स्स्स्स. बारीक, पण स्पष्ट. झाकणाच्या कडेतून हवा निसटत होती. आतून पुगोव्कानं नखांनी दोनदा खरवडलं.

सगळ्यांनी ऐकलं! एकजण बुटांकडे बघू लागला, दुसरा टोपी चाचपू लागला. रिम्मा अर्धवट उठली.

“ऐकलंत ना?” ती म्हणाली.

साहेबांनी गुडघ्यांवर थाप मारली. “चला, देवाचं नाव घ्या आणि निघा!”

आणि निघाले की सगळे. रिम्मासुद्धा. थू असल्या जिण्यावर!

वर गेल्यावर पुगोव्काचा श्वास अकरा मिनिटंच चालला. त्यानंतर रेडिओनं ती सुखरूप असल्याची ग्वाही दिली. लोणच्याच्या काकड्या तोंडी लावत हे सगळे पेले रिचवत होते. “माकडाच्या एक दिवस आधी!” म्हणून एकमेकांच्या पाठी थोपटत होते. मला ओकारी आली असती तर बरं झालं असतं.

आता मी एका छोट्या संग्रहालयात असतो. शेजारी पुगोव्काचं हसरं चित्र, खाली ‘वीर’ असं सोनेरी अक्षरात. कसली वीर! तिला कुणी विचारलं होतं?

गेल्या महिन्यात काठी टेकत रिम्मा आली. राखणदाराला गळ घालून तिनं मला बाहेर काढायला लावलं. पिशवीतून रबरी फुगा काढला, मला जोडला आणि दाबून धरला. माझा काटा चढला आणि तिथंच उभा राहिला.

“अहो आजी, हे तर चालतंय!”

“तेव्हाही चालत होतं.”

“मग चिठ्ठी काढून टाकू?”

“नको. पेन दे.”

‘खराब’ या शब्दाखाली तिनं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. या वेळी अक्षरं सरळ आली.

चिठ्ठीवर अजून पुष्कळ जागा रिकामी आहे. त्या खोलीत बसलेल्यांपैकी कुणी जिवंत असेल, तर त्यानं यावं. पेन राखणदाराकडे आहे.