चौथ्या गिअरची आमटी

"वाजतंय," गिरिजाबाई म्हणाल्या.

"अगं, कुठे वाजतंय?" श्रीरंगरावांनी उभ्या फटफटीचा कान पिळला. इंजिन भुर्रर्र करून पुन्हा खाली बसलं. "ऐक. बिल्कुल साफ."

"उभ्या उभ्या काय, मीसुद्धा गोड बोलते. ओझं घेऊन चढावर गेली की दाखवील रंग."

"हेड उघडून सगळी काजळी खरवडली. टायमिंग मागे घेतलं. प्लग नवा टाकला, पेट्रोलपंपसुद्धा बदलून बघितला. आता काय तिची पूजा घालू?"

"घाला. तेवढंच राहिलंय."

सकाळ धड उजाडून सरली नव्हती, तरी नोएडातल्या त्या नव्या वसाहतीचं सिमेंट तव्यासारखं तापलं होतं. बिल्डरनं कागदावर झाडं दाखवली होती, ती कागदावरच वाढत होती. जूनची लू, इकडचा तो भाजणारा वारा, भिंतींना चाटत फिरत होती. फटफटीच्या दोन्ही अंगांना लोखंडी जाळ्या, जाळ्यांत स्टीलचे डबे. हे डबे रोज यमुना ओलांडून करोल बागेत जायचे. तिथे लातूर, परभणी, जळगावकडची पोरं माळ्यांसारख्या खोल्यांत बसून साहेब व्हायचा अभ्यास करायची. आईचा हात सोडून आलेली पोरं. पहिल्या दिवशी गिरिजाबाईंची आमटी भातावर ओतली तेव्हा त्यातला एक घोडनवरा डोळे पुसायला लागला होता. तेव्हापासून गिरिजाबाईंचा पाय जमिनीला लागत नव्हता. शाळा चौथीपर्यंत, पण आमटीत कुणी त्यांचा पहिला नंबर हिसकावून दाखवावा!

श्रीरंगराव कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथीगृहात मोटार चालवायचे. निवृत्त झाले, सरकारी क्वार्टर सुटलं आणि दोघं इकडे आली. मुलगा, विनय, गुडगावला. काचेच्या बिल्डिंगीत नोकरी, काचेच्या बिल्डिंगीत घर. "आई, चला ना आमच्याकडे," हे त्याचं दर रविवारचं पालुपद. एकदा गिरिजाबाई गेल्या होत्या. नातीपुढे, कृतिकापुढे, आमटीची वाटी ठेवली तर ती म्हणाली, "दादी, ये दाल इतनी पतली क्यों है?" आजीसुद्धा नाही, दादी! आणि विनय म्हणाला, "आई, इथे तू काही करू नकोस. नुसती बस."

"नुसती बसायला मी काय पोतं आहे?" असं म्हणून गिरिजाबाईंनी त्याच संध्याकाळी पिशवी भरली होती, आणि घरी येऊन डबे सुरू केले होते. डबे होते तोवर हातात पळी होती, आणि पळी होती तोवर कुणाच्या दारात बसायची वेळ नव्हती.

पण गेल्या उन्हाळ्यापासून फटफटीनं आवाज धरला. थंडीत गप्प, उन्हाळा आला की चालू. पुलाच्या चढावर पोचली की काचेच्या बाटलीत खडे घालून हलवावेत तसं इंजिन खडखडायचं. मिस्त्री त्याला नॉकिंग म्हणायचा. मग श्रीरंगरावांनी ती सावलीला उभी करायची, गार होऊ द्यायची, आणि डबे पोचेपर्यंत पोरांनी छोले-कुलचे खाऊन मोकळं व्हायचं. शेवटी परवा मानस स्वतः घरी आला. डबा खाणाऱ्या पोरांचा तो म्होरक्या, पण बोलताना मान खाली.

"काकू, रविवारी प्रिलिम आहे. दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत डबा लागेल, सेंटरवरच. या वेळी उशीर झाला तर... पोरं म्हणतायत, तिथल्याच मेसमध्ये नाव घालू."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी तर तुमचाच आहे काकू. पण अकेला मी काय करू?"

"अकेला नाही रे, एकटा. मराठीचा पेपर नाही ना तुझा? जा. डबा येईल."

म्हणून आज गिरिजाबाई स्वतः निघाल्या होत्या. नवऱ्याच्या शब्दावर विसंबून त्यांनी आयुष्यात पोळीसुद्धा उलटली नव्हती. पदर कमरेला खोचून त्या मागे बसल्या आणि आमटीची मोठी बरणी मांडीवर घेतली.

"लक्षात आहे ना?"

"आहे गं बाई. चौथ्यात टाकली की चौथ्यातच."

हा त्यांचा हुकूम होता. पहिल्याच महिन्यात एका पोराची वही डब्याबाहेर आलेल्या आमटीनं भिजली होती. तपास केला तर कळलं, चढावर गिअर बदलताना गाडी हिसका देते, डबे एकमेकांवर आपटतात आणि आमटी झाकणाबाहेर येते. त्या दिवसापासून चालत्या गाडीचा गिअर खाली घ्यायचा नाही. सिग्नलला थांबावंच लागलं तर गोष्ट वेगळी. पूल मात्र एका दमात, चौथ्यात.

पुलापर्यंत फटफटी शहाण्यासारखी गेली. गिरिजाबाईंना वाटलं, लागली एकदाची गुणाला. तापलेला वारा तोंडावर भाजत होता, मांडीवरची बरणी चटके देत होती. चढ लागला. इंजिन जड झालं, कण्हू लागलं, आणि मग बाटलीतले खडे वाजायला लागले.

"वाजतंय!" त्या कानाशी ओरडल्या.

श्रीरंगरावांचा पाय गिअरवर गेला.

"खबरदार! आमटी!"

पाय होता तिथे परत आला. फटफटी तशीच रखडत, खडखडत वर चढत राहिली. चढ संपायला थोडाच उरला होता. तेवढ्यात आतून कुणी घण घातल्यासारखा एक आवाज झाला, आणि त्यानंतर काहीच आवाज झाला नाही. मागचं चाक लॉक होऊन फरफटलं. श्रीरंगरावांनी कसाबसा तोल सांभाळून ती कडेला घेतली. खाली काळ्या तेलाची धार लागली होती.

दोघं कठड्याला टेकून उभी राहिली. गिरिजाबाई एकेका रिक्षाला हात करू लागल्या. रिक्षावाले थांबायचे, जाळ्यांतले डबे बघायचे आणि मान हलवायचे.

"माताजी, दाल गिरेगी. सीट खराब होगी."

"अरे, एक बूंद नहीं गिरेगी! मेरे डब्बे हैं!"

पण त्यांच्या डब्यांची ओळख त्या पुलावर कुणाला नव्हती. एकजण तर हसून निघून गेला. ऊन डोक्यावर आलं. तिकडे पहिला पेपर सुटला असेल, पोरं फाटकाबाहेर येऊन रस्त्याकडे बघत असतील, हे गिरिजाबाईंना दिसत होतं. मग पोरं बघायची थांबली असतील, हेही दिसलं. त्यांनी हात खाली केला.

"चला," त्या म्हणाल्या. "उतार तर आहे."

क्लच दाबून धरून दोघांनी फटफटी उलटी वळवली आणि ढकलत पुलाखाली आणली. तिथे कडुनिंबाखाली श्याम मिस्त्रीचा ठेला होता. श्यामनं एकदा खाली वाकून बघितलं. इंजिनाच्या पोटाला भगदाड पडलं होतं, आतला दांडा तोंड बाहेर काढून बसला होता.

"गई, बाबूजी," तो म्हणाला. "पिस्टन टूटा, रॉड ने केस फाड़ दिया. अब कबाड़ है."

"नॉकिंगनं?" श्रीरंगरावांनी उगाच विचारलं.

"और किससे? पिछली गर्मी में ही बोला था, चढ़ाई पे गियर नीचे लो. टाइमिंग का क्या कसूर? इतना वज़न, ऐसी धूप, और आप चौथे में घसीटते हो. इंजन रोएगा नहीं?" मग तो गिरिजाबाईंकडे वळला, तक्रार करावी तसा. "अम्माजी, आप ही समझाओ इनको. हर बार यही बोलते हैं, घर का ऑर्डर है."

"छोड़ ना, श्याम," श्रीरंगराव म्हणाले.

श्याम पाणी आणायला गेला तेव्हा गिरिजाबाईंनी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"जन्मभर गाडी चालवली मी, गिरिजा."

"मग काजळी कशाला खरवडत बसलात? टायमिंग काय, प्लग काय..."

"म्हटलं, त्यानंच भागलं तर बघावं."

"बोलला का नाहीत?"

श्रीरंगरावांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. "बोललो होतो की. पहिल्याच वर्षी."

गिरिजाबाई आठवू लागल्या. काय म्हणाल्या असतील त्या तेव्हा? आठवेना. एका वाक्यात गप्प केलं असेल. अशी वाक्यं त्यांच्याजवळ कधी कमी पडली नव्हती. आजवर किती वेळा हा माणूस बोलायला तोंड उघडून पुन्हा मिटून बसला असेल, तेही त्यांना आठवेना.

पलीकडे टेलिफोनचं बूथ होतं. त्या एकट्याच उठून तिथे गेल्या.

"हॅलो, आई? आज कसा काय फोन? बाबा ठीक आहेत ना? आई, बोल ना यार!"

"ये," गिरिजाबाई म्हणाल्या, आणि पुलाचं नाव सांगून फोन ठेवला.

विनय आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पांढरी नवी गाडी, आत गार. पोळ्या-भाजीचे डबे श्यामच्या ठेल्यावर वाटून झाले होते. मोठी बरणी तेवढी गिरिजाबाईंच्या मांडीवर होती.

"आई, ती दे ना इथेच कुणाला. गाडीत वास राहील."

विनय आईच्या शब्दांचा टोला खायच्या तयारीनं थांबला. टोला आला नाही. मग त्यानंच मागचं दार उघडलं. "अच्छा, ठीक आहे. घे. फक्त सांभाळून."

श्रीरंगराव पुढे बसले. कडुनिंबाखाली फटफटी रिकाम्या जाळ्या घेऊन उभी होती. ते तिच्याकडे वळून बघतील असं गिरिजाबाईंना वाटलं. त्यांनी बघितलं नाही. ते सरळ समोर बघत होते, एखाद्या साहेबाला घेऊन निघाल्यासारखे, फक्त हात मांडीवर रिकामे.

गाडी गुडगावच्या वाटेनं पुलाच्या चढाला लागली. मघाचा तेलाचा डाग मागे गेला. गिरिजाबाईंनी दोन्ही हातांनी बरणी धरली आणि मग, काय वाटलं कुणास ठाऊक, झाकण काढलं. आंबूस वास सुटला होता. उन्हानं आमटी नासली होती.

पुढे एक बस आडवी आली. विनयनं गिअर खाली घेतला. बारीकसा हिसका बसला. आमटी एकदा काठापर्यंत आली, डुचमळली, आणि परत जागच्या जागी बसली.

एक थेंब सांडला नाही.

गिरिजाबाईंनी झाकण लावलं आणि त्या नुसत्या बसल्या.