गोडं पाणी

“फुंकून काय बघतोस? लाकूड आहे ते, बासरी नव्हे,” बोडो खेकसला.

हाइनरनं आगपेटीएवढा तो लाकडाचा ठोकळा तोंडापासून दूर केला, रबरी नळीला जोडला आणि उभ्या नळकांड्याच्या तळाशी सोडला. हवेचा पंप घरघरू लागला. लाकडाच्या छिद्रांतून निघालेले बारीक बुडबुडे वर चढले आणि नळकांड्यातलं पाणी ताकासारखं पांढरं झालं. वरच्या पेल्यात फेस जमायचा आणि त्याबरोबर पोवळ्यांच्या टाकीतली घाण बाहेर पडायची. हल्ली ह्या कामाला कोणी लाकूड वापरत नाही. पोवळी पाळणाऱ्यांच्या क्लबातल्या मंडळींकडे मोबाइलवर चालणारी यंत्रं आली आहेत. पण आल्मूटचं सगळं सामान असंच होतं, तीस वर्षांपूर्वीचं. ती गेल्यावर ते तळघरात पडून होतं.

आल्मूट हाइनरची बायको. फेब्रुवारीत गेली, आणि आता ऑक्टोबर लागला होता.

हाइनरनं हेर्नेच्या कोळशाच्या खाणीत छत्तीस वर्षं पाळणा चालवला. घंटा वाजली की माणसं खाली सोडायची, घंटा वाजली की वर ओढायची. खाली काय चाललंय हे विचारणं त्याच्या कामात बसत नव्हतं, आणि त्यानं ते कधी विचारलंही नाही. आल्मूट चारचौघांत म्हणायची, “ह्याच्याशी संसार करायचा तर गळ्यात घंटा बांधून घ्यावी लागते.” लोक हसायचे. हाइनरही हसायचा.

ती गेल्यावर तो रडला नाही. दात काढून आल्यावर गाल बधिर असतो, चावला गेला तरी कळत नाही, तसा तो आठ महिने घरात वावरत होता. सकाळी दाढी करायची, डब्यातलं मसुराचं सूप गरम करायचं, भांडं धुवून जागेवर ठेवायचं. शेजारणीनं विचारलं तर “चाललंय” म्हणायचं. चाललेलं काहीच नव्हतं.

आणि सप्टेंबरातल्या एका शनिवारी बोडो दारात उभा राहिला. जन्मभर लोकांच्या नळांची गळती काढलेला प्लंबर, आल्मूटच्या पोवळ्यांच्या क्लबातला सगळ्यात तोंडाळ माणूस.

“मी ब्रेमेनला मुलीकडे कायमचा चाललोय,” तो म्हणाला. “तिच्या घरात माझीच जागा मुश्किलीनं निघाली आहे, टाकीला कुठली? माझ्याकडे आल्मूटचं पोवळं आहे. ते तू ठेवायचं.”

“मला नाही जमायचं. तिची होती तीही जगली नाहीत.”

“जमवायचं. दुसरं कोणी घेत नाही.”

त्या क्लबात एक रीत होती. ज्याचं पोवळं वाढेल त्यानं कात्रीनं तुकडा कापून दुसऱ्याला द्यायचा, फुकट. म्हणजे कधी आपल्या टाकीतली पोवळी मेली, तर आपलंच पोवळं कोणाकडून तरी परत मिळतं. आल्मूटनं सतरा जणांना तुकडे दिले होते. पण ते पोवळं पडलं करडं, अळंबीच्या आकाराचं, चामड्यासारखं. लोकांना पुढे रंगीत हवीशी झाली आणि हे मागे पडत गेलं. आता ते एकट्या बोडोकडे उरलं होतं.

तेव्हापासून बोडो दर शनिवारी येत होता. पहिल्या खेपेला दोघांनी तळघरातली लहान टाकी वर आणली. साठ लिटरची, पत्र्याच्या चौकटीची. दुसऱ्या खेपेला बोडोनं आपल्या टाकीतले दगड आणि बादल्या भरून पाणी आणलं. तिसऱ्या खेपेला झाकणात दोन ट्यूब बसवल्या, एक पांढरी, एक निळी. जाताना दर वेळी बजावायचा, “पाण्याला हात लावायचा नाही. ते माझं मी बघीन.” हाइनर हात लावत नव्हता. सांगितलं तेवढं करणं हा त्याचा धर्मच होता.

आज चौथा शनिवार. बोडोनं बादलीतून पोवळं काढलं. प्रवासात ते मुठीसारखं मिटलं होतं आणि त्यावर बुळबुळीत साय धरली होती. त्यानं ते मधल्या दगडाच्या खाचेत बसवून दोरीनं बांधलं.

“मेलं का?” हाइनरनं विचारलं.

“रुसलंय. आठ दिवसांत उघडेल. नाही उघडलं तर मग काही खरं नाही. हे शेवटचं आहे, एवढं लक्षात ठेव.”

मग बोडोनं पिशवीतून एक बाटली आणि सलाइनची नळी काढली. हाइनरनं नजर खिडकीकडे वळवली. असल्या नळ्या त्यानं दवाखान्यात आल्मूटच्या उशाशी सहा आठवडे पाहिल्या होत्या.

“इकडे बघ, खिडकीत काय आहे? रोज टाकीतलं पाणी उडतं. जेवढं उडेल तेवढं ह्या बाटलीतून आत जायला हवं, थेंब थेंब. बाटलीत गोडं पाणी आणि चुन्याची निवळी. मीठ चिमूटभरसुद्धा नाही.”

“समुद्रातल्या जिवाला गोडं पाणी?”

“अरे शहाण्या, पाणी उडतं, मीठ थोडंच उडतं? ते टाकीतच राहतं. वरून आणखी खारं ओतलंस तर टाकीचं लोणचं होईल.”

बोलून झालं आणि बोडोनं जीभ चावली.

हाइनर खुर्चीवर बसला.

आल्मूट दवाखान्यात गेली त्या दिवशी स्ट्रेचरवरून एवढंच म्हणाली होती, “पाणी कमी झालं की भर.” न्हाणीघरात दोन पिंपं होती. पांढऱ्यात साधं पाणी, निळ्यात मीठ घातलेलं. समुद्रातली पोवळी म्हणून हाइनरनं निळं निवडलं. रोज सकाळी सात वाजता, दोन लिटर, न चुकता. पिंप संपलं तेव्हा त्यानं स्वयंपाकघरातल्या काट्यावर मीठ तोलून नवं पाणी केलं, आणि त्याचा त्याला अभिमानही वाटला. पोवळी आक्रसली, बुळबुळीत झाली, मग नुसते पांढरे दगड राहिले. शेजारीण म्हणाली, “त्यांना बाईचा हात हवा असतो हो.” त्याला ते पटलं. दुपारी भेटायला गेला की तो आल्मूटला सांगायचा, सगळी फुललीत.

एकदा, पाचव्या आठवड्यात, तिनं विचारलं होतं, “पाणी कुठल्या पिंपातलं घालतोस?”

“निळ्या. खाऱ्या.”

ती बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं. तू जेवतोस ना वेळेवर?” त्यानंतर पोवळ्यांचं नाव तिनं आपणहून काढलं नाही. तो सांगायचा, ती “हो का, वा” म्हणायची. आजारानं हिचं मन उडालं, असं वाटून त्याला थोडं वाईटही वाटलं होतं.

“मी निळ्या पिंपातलं...” हाइनर म्हणाला.

“ठाऊक आहे.”

“तुला कसं?”

बोडोनं दोन्ही हात विजारीला पुसले. “तिनं दवाखान्यातून फोन केला होता. म्हणाली, माझी पोवळी गेली असणार, आता वाचण्यासारखं काही नाही. मी आहे तोवर हाइनरला कळू देऊ नकोस. तुझ्याकडचं तेवढं जप.”

“रागावली होती?”

“भयंकर. तुला द्यायच्या सगळ्या शिव्या मला दिल्या. पाणी प्यायला थांबली आणि पुन्हा दिल्या.” बोडो क्षणभर घुटमळला. “मग म्हणाली, माझ्यामागे त्याला एक लहानशी टाकी लावून दे. नाहीतर खुर्चीत बसल्या बसल्या संपेल तो.”

हाइनरला दुखलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा, छातीच्या बरोबर मधोमध. रोज दुपारी तो तिला खोटं सांगत होता, आणि ती ते ऐकून घेत होती, त्याला बरं वाटावं म्हणून. मरणाऱ्या माणसाला हा सांभाळायला गेला होता.

“घेऊन जा हे,” तो म्हणाला. “माझ्या हाती नको देऊस.”

“कुठे नेऊ? संडासात ओतू?”

बोडोनं समजूत घातली नाही. त्यानं पांढऱ्या पिंपातलं पाणी आणून, चुन्याची निवळी मिसळून बाटली भरली, ती खिळ्याला उलटी टांगली आणि नळी टाकीत सोडली. मग कोट घालून तो दाराशी जाऊन थांबला.

“बोडो,” हाइनर खुर्चीतून उठला. “मिनिटाला किती थेंब?”

“दहा. जास्त झाले तर चुना पोळतो.”

हाइनरनं मनगटावरचं घड्याळ काढून टाकीच्या काठावर ठेवलं, चष्मा पुसला आणि वाकून मोजलं. चौदा झाले. त्यानं नळीवरचं चाक किंचित आवळलं आणि पुन्हा एकपासून मोजायला लागला.