श्वासगुरूंचा पाला

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. श्वासगुरू निखाऱ्यावर चिमूटभर सुका पाला टाकायचे, समोरचा माणूस धुराचे तीन श्वास घ्यायचा. मग कुणी हसत सुटायचं, कुणाला उजेड दिसायचा, कुणी थरथरत ओकायचं. गुरूंचा हिशेब सरळ होता. पाला एकच, मग फरक माणसातच असणार. "पुण्यवंत तरंगतो, पापी लोळतो. मी कोण सांगणारा? धूरच सांगतो." केवढा तो विनय! शिवाय, हवी तर लघवी तपासून घ्या, गांजाचा अंशही सापडणार नाही, असं आव्हान. लोकांनी तपासली, खरंच सापडला नाही. एका वकीलसाहेबांनी तर बंदीची यादी चाळून या पाल्याचं नाव त्यात नसल्याचं जाहीर केलं.

मी असल्या प्रकारांची टिंगल करणारा. आईनं फारच धरलं म्हणून गेलो आणि मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. धाकटी बहीण पुढे बसली. तिला झोप लागत नव्हती, एवढंच दुखणं. दुसऱ्याच श्वासाला तिचे डोळे फिरले, झटके आले आणि ती आडवी झाली. गुरूंनी डोळे मिटून सुस्कारा सोडला.

"लेकरांचा तळतळाट आहे हा."

बहीण पाळणाघर चालवते. हॉलमधल्या निम्म्या बायकांची मुलं तिच्याकडे असतात. दुसऱ्या दिवशी आईनं पाळणाघर उघडलं, पण एकही मूल आलं नाही. आणि मी, अक्कल पाजळणारा मी, दवाखान्यात तिच्या खाटेशी बसून हळूच विचारलं, "खरं सांग, कुठल्या पोराला मारलंबिरलंस का?" तिनं कूस बदलली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं. त्यांनी मला बाहेर घेतलं आणि तो पाला मागितला. आईकडे गुरूंनी दिलेली पुडी होती, ती प्रयोगशाळेत गेली. निकाल आल्यावर बाई म्हणाल्या, "पाल्यात काही नाही. पाल्यावर आहे."

कारखान्यात बनवलेलं रसायन विरघळवून कुठल्याही सुक्या पाल्यावर फवारतात, असं त्यांनी सांगितलं. मेंदूत गांजा जिथे काम करतो तिथेच हेही करतं. पण गांजाचा जोर अर्धामुर्धा, याचा पुरेपूर, म्हणून धडधड, भास, झटके. रेणू वेगळा, म्हणून गांजाची नेहमीची तपासणी याला ओळखत नाही. एकावर बंदी आली की बनवणारे जरासा फेरफार करून नवं काढतात आणि कायदा मागून धापा टाकत येतो. त्यामुळे आता पुष्कळ देशांत अशा रसायनांच्या गटांवरच सरसकट बंदी घालतात. पुडीतलं रसायन बंदीतलंच निघालं होतं. वकीलसाहेब पाल्याचं नाव शोधत बसले होते.

"मग माझ्या बहिणीलाच एवढं का?" मी विचारलं.

बाई पोलिसांना घेऊन थेट हॉलमध्येच आल्या. सगळ्यांदेखत त्यांनी पिशवीत साधा सुका पाला भरला, त्यावर निळी शाई ओतली, पिशवी हलवली आणि पाला पांढऱ्या चादरीवर ओतला. काही पानं कोरडी ठणठणीत, काही शाईनं निथळत होती.

"फवारा सगळीकडे सारखा बसत नाही. जिच्या वाट्याला भिजलेली चिमूट आली, ती पडली. आता सांगा, यातली कोणती पानं पापी?"

एक बाई गुरूंना म्हणाली की तुम्हीच घ्या तुमच्या पाल्याचे तीन श्वास. गुरू म्हणाले, "आज माझं मौन आहे." एवढं मोठ्यानं बोलून ते पोलिसांबरोबर जिना उतरले.

बहीण तोवर घरी आली होती. दुसऱ्या सकाळी बायका मुलं घेऊन पाळणाघराच्या दाराशी आल्या. नजर कुणाचीच वर नव्हती. बहिणीनं मुलं आत घेतली, कुणाला शब्दानं बोलली नाही. सगळ्या गेल्यावर मी म्हणालो की माझं चुकलं, मला माफ कर.

"दादा, त्यांना धुरानं फसवलं," ती म्हणाली. "तू तर धूर घेतलाही नव्हतास."

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून लाज गिळून लिहितोय. कुणी धुरातून पाप-पुण्य सांगायला लागला, तर आधी त्या धुराची तपासणी करा. आपल्या माणसाची नको.