तबकातले फोन

राधिकाने दार उघडलं आणि पाहुणे बूट काढायला वाकायच्या आतच त्यांच्यापुढे चांदीचं तबक धरलं. तबक तिच्या लग्नातलं, एरवी मुंजी-बारशांनाच बाहेर पडणारं. आज त्यात हळद-कुंकू नव्हतं. तळाशी रेशमी रुमाल होता आणि त्यावर तिचा आणि रवींद्रचा असे दोन सेल फोन शेजारी शेजारी निजवलेले होते.

"प्लीज," ती हसून इंग्रजीत म्हणाली, "तुमचे फोन."

मोरिता साहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने तबकाकडे पाहिलं. मग साहेबांनी खिशातून घडीचा फोन काढला आणि भटजींना दक्षिणा ठेवावी तसा दोन्ही हातांनी त्या रुमालावर ठेवला. मोरिता बाईंचा हात पर्सपर्यंत गेला, थांबला, पण नवऱ्याचा फोन ठेवून झालेला पाहून त्यांनीही आपला काढून दिला. राधिकाने पाहुण्यांच्या डोक्यावरून रवींद्रकडे पाहून भुवया उडवल्या. बघितलंस, म्हणून.

या जेवणाचा घाट रवींद्रचा. ट्रॉयमधल्या एका कंपनीत तो गाड्यांच्या सीट्स डिझाइन करायचा, आणि २००७च्या त्या नोव्हेंबरात डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांशी संबंध असलेल्या कुणालाच धड झोप लागत नव्हती. मोरिता साहेब जपानच्या भागीदार कंपनीतून दोन वर्षांसाठी आलेले. कुणाला ठेवायचं आणि कुणाला नारळ द्यायचा, यात त्यांचा शब्द चालतो अशी ऑफिसात वदंता होती. रवींद्रला ते उघड बोलायची लाज वाटे, म्हणून तो "बिचारे नवीन आहेत, एकटे पडले असतील" असं म्हणायचा.

राधिकाला मात्र नोकरीबिकरीपेक्षा वेगळाच उत्साह होता. महाराष्ट्र मंडळातल्या बाकीच्या बायकांची मुलं अ‍ॅन आर्बरला नाहीतर फार तर शिकागोला. तिची आन्या जपानला होती! वीस वर्षांची पोर, इथेच जन्मलेली, कॉलेजचं एक वर्ष बाजूला ठेवून नागोयाजवळच्या एका लहान गावात भाषा शिकायला गेलेली. एका एजंटाने जागा जमवून दिली होती. कुरोदा नावाच्या एका म्हाताऱ्या विधवा बाईंचं मोठं घर, आणि त्यात आजी आणि आन्या अशा दोघीच.

सुरुवातीचे फोन म्हणजे नुसती करमणूक. संडासात घालायच्या चपला वेगळ्या, आणि त्या घालून चुकून दिवाणखान्यात आलं की कसा हाहाकार होतो. कचरा कोणत्या वारी कोणत्या पिशवीत टाकायचा याचं शेजारीपाजारी कसं बारीक लक्ष असतं. आन्या सांगायची आणि इकडे दोघं पोट धरून हसायची. राधिका ते सगळं तिखटमीठ लावून मंडळात सांगायची. रवींद्रच्या ऑफिसच्या भिंतीवर जपानी कारखान्यांच्या शिस्तीचे तक्ते टांगलेले, त्यामुळे त्याला तर प्रत्येक गोष्टीत सिस्टिम दिसायची.

मग हळूहळू गोष्टी बदलल्या. संध्याकाळी घरात आलं की आपला फोन घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या हवाली करायचा. पासपोर्ट आजींच्या कपाटात, घरातल्या किमती वस्तूंबरोबर. आंघोळीचा टब एकदाच भरायचा, आणि पाहुण्याने सगळ्यांत शेवटी त्यात उतरायचं. आन्या आता तितकी हसायची नाही, पण राधिकाला त्यात नवल वाटलं नाही. नव्याची नवलाई किती दिवस पुरणार?

वाटाण्याच्या करंज्या आणि सुरळीच्या वड्या संपल्या, वरण-भात वाढून झाला. मोरिता बाई निगुतीने जेवत होत्या. त्यांचं इंग्रजी तुटक होतं, पण शब्द जपून निवडलेले.

"तुमची ही भारतीय पद्धत मला आवडली," त्या म्हणाल्या. "फोन दारात ठेवायची. माणसं एकमेकांकडे बघतात."

राधिका खळखळून हसली.

"भारतीय? अहो, ही तर तुमची पद्धत! आमच्या मुलीने सांगितली. म्हणून तर मुद्दाम केलं तुमच्यासाठी."

मोरिता साहेबांनी तोंड पुसलं.

"असेल," ते म्हणाले. "कदाचित. काही काही गावांत."

"तेच ते, गावांत," रवींद्रने लगेच री ओढली. "शहरात सगळं संपत चाललंय, आपल्यासारखंच."

मोरिता बाईंनी हातातला चमचा ताटात ठेवला.

"तुमची मुलगी कुठे राहते?"

राधिकाने सांगितलं. कौतुकाने सांगितलं, आणि एकदा सुरुवात केल्यावर तिला थांबवणं कठीण होतं. आजी, ते कपाट, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आजींचं आटोपल्यावर एकटीने जेवायची रीत, खोलीचं दार रात्रीसुद्धा लोटून न घेण्याची रीत. इथे असताना दार धाडकन आपटून घेणारी, प्रत्येक गोष्टीवर वकिलासारखी हुज्जत घालणारी आपली मुलगी चार महिन्यांत कशी शिस्तीला लागली, हे सांगताना तिचा ऊर भरून आला होता.

"आणि तुमचं ते आंघोळीचं!" ती म्हणाली. "पाहुणा शेवटी."

"नाही," मोरिता बाई म्हणाल्या.

इतका सरळ नकार त्यांच्या तोंडून अजून आला नव्हता. मोरिता साहेब जपानीत हळूच काहीतरी म्हणाले. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"पाहुणा पहिला," त्या म्हणाल्या. "नेहमी पहिला. स्वच्छ पाणी पाहुण्याचं. पाहुण्याला शेवटी पाठवलं तर माझी आई लाजेने मरून जाईल."

"पण जेवण—"

"एकत्र."

"आणि पासपोर्ट?"

"पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "ती शाळेत जाते ना?"

राधिका आमटी वाढत होती. रवींद्रची वाटी काठोकाठ भरली तरी तिचा हात थांबेना, तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं.

"आता रोज नाही जात," ती म्हणाली. "आजी घरीच शिकवतात. कामं करता करता भाषा येते म्हणतात."

"ऑन द जॉब ट्रेनिंग," रवींद्र म्हणाला. नेहमी या वाक्यावर हशा पिकायचा.

राधिका खाली बसली. सप्टेंबरातला एक फोन तिला आठवला. आन्याने अगदी स्पष्ट विचारलं होतं, "आई, इज धिस नॉर्मल?" आंघोळीबद्दलच विचारलं होतं. आणि राधिकाने तिला सांगलीच्या आपल्या सासरची गोष्ट सांगितली होती. नवी नवरी असताना बंबातलं उरलंसुरलं कोमट पाणी कसं आपल्या वाट्याला यायचं, सगळ्यांची जेवणं झाल्यावर ओट्याशी बसून कसं जेवायचं, पण पुढे सासूबाईंनी कसा जीव लावला. ज्या घरात राहायचं त्या घरासारखं व्हायचं, आन्या. अ‍ॅडजस्ट करायचं. सांगलीत जे सोसलं, ते सांगताना आपण अभिमानाने का सांगत होतो, हे तिला आत्ता या टेबलाशी बसून कळेना. त्यानंतर दोन-तीनदा आन्याने असंच काहीबाही विचारलं होतं आणि तिने तेच उत्तर दिलं होतं. गेल्या महिन्यापासून आन्याने विचारणंच सोडून दिलं होतं. राधिकाला वाटलं होतं, रुळली.

"तिकडे आता सकाळ आहे," मोरिता बाई म्हणाल्या. "तुम्ही फोन करा. मी जवळ बसते."

"आत्ता?" रवींद्र म्हणाला. "राधिका, जेवण तरी होऊ दे. साहेबांना काय वाटेल? आणि उद्या रविवार, उद्या करतोच आपण."

"तुम्ही बसा हो," राधिका म्हणाली. ती उठली तेव्हा तिचं ताट तसंच होतं.

स्वयंपाकघरातल्या फोनवर तिने कॉलिंग कार्डाचे आकडे दाबले. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा मोरिता बाईंनी कार्ड हातात धरून एकेक आकडा वाचून दाखवला. राधिकाने स्पीकर लावला. पलीकडून लगेच उचललं गेलं.

"मोशी मोशी."

"कुरोदा-सान, धिस इज राधिका. आन्याज मदर."

आजींना इंग्रजी येत नसे. त्यांनी नेहमीप्रमाणे "आन्या-चान" अशी हाक मारली, गोड, लांबवलेली. आन्या इतक्या लवकर फोनवर आली की ती शेजारीच उभी असावी.

"हाय मॉम. तू आज कशी काय? इज एव्हरीथिंग ओके?"

"सगळं ठीक. सहज केला. काय चाललंय, बाळा?"

थोडा वेळ गेला. त्या वेळात मागे आजींची पुटपुट ऐकू येत होती, एकसुरी, हळू. हल्ली दर वेळी यायची. म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी स्तोत्रबित्र चालू असेल असं राधिका समजायची, आणि तिला ते बरंही वाटायचं. घरात देवाचं करणारं माणूस आहे.

मोरिता बाईंनी राधिकाच्या दंडावर हात ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"त्या तिला सांगताहेत," त्या कुजबुजल्या, "म्हण, इथे थंडी पडली."

"इट्स गेटिंग कोल्ड हिअर," आन्या म्हणाली. "सकाळी तर खूपच."

राधिकाचा धक्का लागून ओट्यावरचं कार्ड खाली पडलं. ते उचलायचं तिला सुचलं नाही. पुटपुट पुन्हा सुरू झाली.

"म्हण, पर्सिमनची फळं सोलून आपण ओसरीला वाळत टांगलेत."

"आणि मॉम, वी मेड ड्राइड पर्सिमन्स. सोलून, दोरीला बांधून बाहेर टांगलेत. सो प्रिटी."

किती छान, असं राधिकाने म्हणायचं होतं. गेल्या रविवारी मुळ्यांच्या लोणच्यावर ती असंच म्हणाली होती. त्या आधी पानांवर, त्या आधी चंद्रावर. महिनाभर प्रत्येक रविवारी तिने त्या म्हाताऱ्या बाईशीच गप्पा मारल्या होत्या आणि मंडळात जाऊन मुलीच्या म्हणून सांगितल्या होत्या. रवींद्र दारात येऊन उभा राहिला. त्याच्यामागे मोरिता साहेब, हातात नॅपकिन तसाच.

"म्हण, ख्रिसमसला घरी येता येणार नाही."

या वेळी आन्या बोलली नाही. फोनमधून नुसता तिचा श्वास येत होता. आजींनी तेच पुन्हा म्हटलं, तितक्याच हळू, तितक्याच गोड. मोरिता बाईंनी या वेळी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

"मॉम, आय डोंट थिंक आय कॅन मेक इट फॉर ख्रिसमस."

"आन्या," राधिका म्हणाली. आपला आवाज चढू नये म्हणून तिने ओट्याची कड घट्ट धरली होती. "नीट ऐक. मी मराठीत बोलतेय, त्यांना कळायचं नाही. त्या तुला काय बोलायला सांगतात ते मला कळतंय. माझ्याजवळ जपानी बाई बसल्यात. मी तुला न्यायला येतेय. पहिलं विमान मिळेल त्याने. पासपोर्टचं, त्यांचं, सगळ्यांचं मी बघते. मी तुला चुकीचं सांगत होते गं, माझंच चुकलं. तू आता कुणाचं ऐकू नकोस. तू फक्त हो म्हण."

पलीकडे पुटपुट थांबली. रवींद्रने पुढे येऊन काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मोरिता साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. मोरिता बाई स्पीकरला कान लावून बसल्या होत्या. राधिका वाट पाहत राहिली. एवढंसं हो. लहानपणी आन्याच्या तोंडून हो काढायला किती नाकदुऱ्या काढाव्या लागायच्या, आणि आज ते एकदा ऐकायला राधिका काहीही द्यायला तयार होती.

"डोंट कम, मॉम," आन्या म्हणाली.

आवाज शांत होता. मघासारखा तरतरीत नाही, जरासा दमलेला, समजावणारा.

"तू आलीस तर शी विल बी सो अपसेट. तिला कुणी नाहीये. सकाळी तिचे पाय चेपायला, रात्री तिच्याजवळ बसायला कुणी नाही. इट्स नॉट बॅड, रिअली. सवय होते. तूच म्हणालीस ना, शेवटी जीव लावतात. प्लीज, डोंट कम."

फोन ठेवला गेला.

राधिकाने मोरिता बाईंकडे पाहिलं. तिला त्या कुजबुजीची वाट होती. हेसुद्धा म्हातारीनेच पढवलं असेल, शब्दन् शब्द.

"काय म्हणाल्या त्या?" तिने विचारलं. "शेवटचं. तिला काय बोलायला सांगितलं?"

मोरिता बाई बंद झालेल्या फोनकडेच पाहत होत्या. त्यांना उत्तर द्यायचं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "शेवटी त्या काहीच बोलल्या नाहीत."