नकाशावर लाल झालेली गल्ली

"गाडी मागं घे म्हणते ना! कान काय घरी ठेवून आलास?"

काकू शेणाची पाटी कमरेवर घेऊन ट्रकसमोर उभी होती. ट्रकचं नाक गल्लीत, शेपूट वळणावर आणि डावी बाजू आमच्या गोठ्याच्या भिंतीला घासून अडकलेली. मातीची भिंत, पोपडे गळत होते. आत गाभण गाय खुंट्याला हिसके देत होती.

"मावशी, मी काय हौसेनं आलो? फोन म्हणाला डावीकडे वळा, वळलो."

"फोन म्हणाला विहिरीत उडी मार, तर मारशील?"

"विहीर रुंद असती तर गाडी तरी फिरवता आली असती."

जमलेले लोक हसले. काकू हसली नाही. ट्रक मागे सरकला आणि त्याच्याबरोबर भिंतीचा कोपराही खाली आला. गाय थोडक्यात वाचली. आमचं घर त्या गोठ्यावर चालतं, आणि असे आणखी दोन-चार ट्रक आत वळले असते तर गोठा राहिला नसता.

खरं तर डोंगराला वळसा घालून मोठा रस्ता जातो. पण ज्या बड्या कंपनीचा नकाशा सगळे चालक बघतात, तिनं आमची गल्ली जवळची वाट म्हणून दाखवायला सुरुवात केली होती. मी भौतिकशास्त्र शिकून नुकतीच घरी आलेली. असं का झालं, हा किडा डोक्यातून जाईना. शेवटी आकाशातून काढलेलं छायाचित्र मोठं करून पाहिलं. गुरं रानात जाता-येता एका ओळीत चालत नाहीत, कडेचं गवतही तुडवतात. त्यामुळे वरून गल्ली दुप्पट रुंद, चांगला रस्ता वाटावा अशी दिसत होती. गोठ्यांपाशी ती चिंचोळी होते, तिथं नेमकी झाडांची सावली.

"म्हणजे आपल्या गाईंनीच ट्रकांना वाट करून दिली म्हण की," काका म्हणाले.

संध्याकाळी दुकानासमोर हाच विषय. दुकानदाराला सगळे टॉवर म्हणतात. एक तर तो तसा उंच, आणि त्याच्या छपरावर मोबाईलचा टॉवरही आहे.

"फुकटचा नकाशा," टॉवर म्हणाला, "त्याला नावं ठेवायची? ट्रकवाले माझ्याकडे चहा पितात. चार पैसे गावातच राहतात."

"भिंत तुझी पडली असती म्हणजे चहा गोड लागला असता का बघितलं असतं," काकू म्हणाली.

गावचं दूध पोचवणारा तरुण एरवी काकूच्या बाजूचा, पण तो मान खाली घालून म्हणाला, "काकू, राग मानू नका. बायको अडली होती तेव्हा याच नकाशानं मला दवाखान्यापर्यंत नेलं. मला त्याला शिव्या देता येत नाहीत."

"शिव्या नकोत रे मला. एवढंच हवंय की कुणीतरी येऊन ही गल्ली बघून जावं."

दुसऱ्या दिवशी काकूला घेऊन मी तालुक्याच्या कचेरीत गेले. साहेब भला माणूस. खुर्च्या दिल्या, पंखा आमच्याकडे वळवला.

"आता कायदा झालाय," तो म्हणाला. "मोठ्या कंपन्यांना ग्राहकांच्या तक्रारी घ्याव्याच लागतात."

"आम्ही केलीय तक्रार. काहीच झालं नाही."

त्यानं माझा फोन मागितला, निरखून पाहिला. "झालंय की. हे बघा, 'आपली तक्रार मिळाली, आपला अभिप्राय मोलाचा आहे.' कायद्यानं सांगितलेलं त्यांनी केलंय."

"आणि ट्रक?"

"ट्रकांबद्दल कायद्यात काही नाही."

काकूनं पंखा परत त्याच्याकडे वळवला आणि उठली.

घरी येताना मला आठवलं. ट्रक अडकला होता तेव्हा फोनवरच्या नकाशात आमची गल्ली लाल, म्हणजे तुंबलेली, दिसत होती आणि मागून येणारे ट्रक आलेच नव्हते. नकाशाला भिंत दिसत नव्हती, पण हळू चालणारे फोन दिसत होते. आणि हळू चालणारं आमच्याकडे काय कमी होतं?

गावभर फिरून जुने, फुटक्या काचेचे फोन गोळा केले. टॉवरनं आधी तोंड वाकडं केलं, मग खणातले आपले दोन फोन काढून दिले. कापडी पिशव्या शिवून नकाशा चालू केलेले फोन गाईंच्या गळ्यात बांधले.

"दूध काढताना वाजला तर लाथ मला बसेल," काकू कुरकुरली.

"आवाज बंद केलाय, काकू."

गुरं निघाली. ती रवंथ करत, थबकत, शेपट्या उडवत गल्लीत रेंगाळली आणि माझ्या फोनवर गल्ली आधी पिवळी, मग लाल झाली. त्या दिवशी एकही ट्रक वळला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काकांनी भिंतीचा कोपरा लिंपायला घेतला. काकूनं गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

तेवढ्यात ताईचा फोन आला. ताई म्हणजे काकूची मुलगी. तिला ओढ्यापलीकडच्या गावात दिली आहे, तिचं घर अगदी वाटेला लागून.

"आई, कालपासून दारावरून ट्रकच ट्रक जातायत गं! बाळाला अंगणात सोडायची सोय राहिली नाही. तुमच्याकडेही येतायत का?"

काकूनं माझ्याकडे पाहिलं. असं होईल हे मला कळायला हवं होतं. एक वाट बुजवली की ओघ दुसरीकडे जाणारच.

"तुमच्या गावात गुरं किती आहेत?" काकूनं विचारलं.

"गुरं? सगळ्यांनी केव्हाच विकली. का गं?"

"काही नाही. दार लावून घे. बाळाला कडेवरून उतरवू नकोस."

सकाळी उठून बघते तर काकूनं निम्मी गुरं सोडून ओढ्याच्या दिशेनं वळवली होती. प्रत्येक गाईच्या गळ्यात फोनची पिशवी, काकूच्या खांद्यावर भाकरीचं गाठोडं, हातात पाण्याची बाटली आणि काठी. मी मागे धावले.

"काकू, दोन्हीकडे गुरं घातली, तर ट्रक आता कुणाच्या दारावरून जातील?"

"विचार की तुझ्या त्या कंपनीला," काकू मागे न बघता म्हणाली. "उत्तर आलं तर मलाही सांग."